तळाशी छापलेलं नाव

लव्हॉन प्रोकॉपचं पत्र मला फेब्रुवारीत आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं नव्हतं, मी विसरलोही नव्हतो. रोज सकाळी कॉफी घेताना ते आठवायचं आणि रोज मी कुठलं तरी पुस्तक उघडून बसायचो.

पत्र रेघांच्या कागदावर होतं. लव्हॉन आमच्या गावच्या शाळेत मुलांचं जेवण रांधते. अक्षर मोठं, गोल, जरा उजवीकडे झुकलेलं.

"मिलो," तिनं लिहिलं होतं, "तुला त्रास देतेय, राग मानू नकोस. क्लेटनच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी तुझं नाव असतं, म्हणून तुलाच विचारते. ट्रेव्हिसच्या नावाचं विधेयक त्यानं आता पुन्हा मांडलंय. दर खेपेला मला फोटोला बोलावतात, मी जाते. पुढे त्याचं काय होतं ते कुणी सांगत नाही. आता मिनेसोटाच्या एका खासदारबाईंच्या कचेरीतून फोन आला. त्यांना याहून कडक विधेयक आणायचंय. पण मुलगा ओल्टमनांच्या, म्हणजे क्लेटनच्या, भागातला, त्यांचं विधेयक आधीच आहे, त्यांना डावलून आम्ही पुढे जाणार नाही, असं म्हणाले. आईनं स्वतः समितीपुढे येऊन मागितलं, तरच. क्लेटन म्हणतो जाऊ नका, दोन विधेयकं एकमेकांत अडकतील. मला राजकारण कळत नाही. तू एवढंच सांग, क्लेटनला तो कायदा खरंच व्हायला हवाय का? तू खोटं बोलणार नाहीस हे मला ठाऊक आहे."

त्या शेवटच्या वाक्यापाशी मी अडकलो. खोटं न बोलण्याचा एक सोपा मार्ग मला लहानपणापासून येतो. बोलायचंच नाही.

ट्रेव्हिस तिचा एकुलता मुलगा. गावाबाहेर धान्य कंपनीच्या पत्र्याच्या उंच कोठ्या आहेत, तिथे तो शाळा संपल्यावर कामाला लागला होता. ओलसर मका कोठीच्या भिंतीला धरून बसतो, तो मोकळा करायला माणूस आत उतरवतात. त्या वेळी तळाशी धान्य ओढणारं यंत्र बंद असायला हवं. त्या दिवशी ते चालू होतं, कारण बाहेर ट्रक खोळंबले होते. ट्रेव्हिस मक्याखाली ओढला गेला आणि जिवंत निघाला नाही. ग्रंथालयात बसून मी गावचा भोंगा ऐकला. गावातले पुरुष पत्रा कापायला धावले. मी गेलो नाही. माझा तिथे काय उपयोग, असं मला वाटलं, आणि ते खरंही होतं.

विधेयकात फार काही नाही. कोठीत माणूस असेल तर खालचं यंत्र बंद करून त्याला कुलूप लावायचं आणि बाहेर दोरी धरून दुसरा माणूस उभा ठेवायचा. लहान कोठ्यांनाही हे लागू करायचं. वाचायला दोन मिनिटं पुरतात.

क्लेटन ओल्टमन हा वॉशिंग्टनमधला आमच्या भागाचा खासदार. मी गावच्या ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून आयुष्य काढलं आणि हा पोरगा असताना हिवाळ्यात तिथल्या हीटरपाशी बसून इतिहासाची पुस्तकं वाचायचा. पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा घरी आला. पाय पुसून आत आला, टोपी हातात.

"सर, प्रचाराच्या पैशाला खजिनदार लागतो. कायदाच आहे तसा. हिशेब सगळा लिंकन शहरातली एक कंपनी बघेल. तुम्ही फक्त अहवाल वाचून सही करायची."

"मला आकड्यांतलं काही कळत नाही रे."

"आकडे नकोतच मला तुमच्याकडून. तुमचं नाव हवंय. पत्रकाच्या तळाशी 'मिलो व्हराना, खजिनदार' असं दिसलं की लोक म्हणतील, मग यात काही वावगं नसणार."

मी हो म्हणालो. इथे एक गोष्ट लिहून टाकतो, म्हणजे नंतर ती टाळायला नको. तरुणपणी मला वाटायचं की कधीतरी एखाद्या पुस्तकावर आपलं नाव येईल. ते झालं नाही. ते आलं लोकांच्या अंगणात रोवलेल्या क्लेटनच्या प्रचाराच्या पाट्यांवर, बारीक अक्षरात, अगदी खालच्या ओळीत. संध्याकाळी फिरायला गेलो की मी त्या पाट्यांपाशी रेंगाळायचो. माझी थोरली बहीण आल्बिना, नवरा गेल्यापासून माझ्याकडेच राहते, तिनं एकदा मला पकडलं. "काय वाकून बघतोयस? नाव बदललं की काय रात्रीतून?"

तर लव्हॉनचं पत्र आलं आणि मी स्वतःला सांगितलं, आधी नीट माहिती काढू. माहिती काढणं हे माझं कामच होतं. शिवाय वाचत बसलं की आपण काहीतरी करतोय असं वाटतं.

क्लेटननं मांडलेली विधेयकं इंटरनेटवर सरकारी पानावर सगळ्यांना बघता येतात. मी ग्रंथालयात जाऊन बघितली. नदीवरच्या एका पुलाला नाव द्यायचं विधेयक. राष्ट्रीय मका सप्ताह. एका वैमानिकासाठी पदक. आणि दर दोन वर्षांनी, नवी संसद बसली की, ट्रेव्हिसचा कायदा. पूल, मका आणि पदक यांच्यापुढे बऱ्याच ओळी होत्या. कुठल्या तारखेला चर्चा, कुठल्या तारखेला मंजुरी. ट्रेव्हिसपुढे दर वेळी एकच ओळ होती. समितीकडे पाठवलं. नंतर ती संसद संपली आणि विधेयकही संपलं.

मी मनात म्हटलं, बहुतेक विधेयकांचं असंच होतं. ते खरंही आहे.

मग मी मतांची नोंद उघडली. दोन वर्षांपूर्वी त्याच मिनेसोटाच्या बाईंनी शेतीच्या मोठ्या विधेयकात ट्रेव्हिसचं नाव न घेता कुलपाची अट घुसवायला एक दुरुस्ती मांडली होती. थोड्या मतांनी पडली. नावांच्या यादीत ओल्टमन शोधला. बाजूने नाही, विरोधातही नाही. गैरहजर.

माणूस आजारी पडतो, विमान चुकतं. पण ती तारीख मी आधी कुठेतरी बघितली होती, आणि कुठे बघितली ते मला लगेच आठवलं. इकडे आमच्या राज्यात, ओमाहा शहरातल्या एका हॉटेलात धान्य कंपन्यांच्या लोकांनी क्लेटनसाठी जेवण दिलं होतं. त्या संध्याकाळच्या देणग्यांची पानं त्या तिमाहीच्या अहवालात होती. ती मी वाचली होती. नुसती वाचली नव्हती, दोन देणगीदारांच्या पत्त्यात चूक होती ती लाल शाईनं दुरुस्त करून मी पानं लिंकनला परत पाठवली होती. तिथल्या मुलीनं फोन करून आभार मानले आणि इतकं बारकाईनं कुणीच वाचत नाही म्हणाली. तो दिवस माझा छान गेला होता.

यात लपवलेलं काहीच नव्हतं. विधेयकं एका पानावर, मतं दुसऱ्या, देणग्या तिसऱ्या. कुणीही बघावं. पण आमच्या गावात ती तिन्ही पानं वाचलेला माणूस बहुधा मी एकटाच होतो, आणि मी तिन्ही बंद करून घरी आलो.

"लिहिलंस का तिला?" आल्बिनानं विचारलं.

"अजून खात्री नाही."

"कसली खात्री हवीय तुला? क्लेटननं चर्चमध्ये उभं राहून सांगायला हवं?"

"योगायोगही असू शकतो, आल्बिना."

"आयुष्यभर लोकांना तोंडावर बोट ठेवायला सांगितलंस," ती भांडी पुसत म्हणाली. "स्वतःचं काढायचं राहूनच गेलं."

एप्रिलमध्ये माजी सैनिकांच्या सभागृहात क्लेटनच्या प्रचाराचं जेवण होतं. रविवारी चर्च सुटल्यावर. भाजलेलं डुकराचं मांस, डम्पलिंग, आंबट कोबी, आणि लव्हॉन व तिच्या मैत्रिणींनी केलेले कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, जर्दाळूचे आणि खसखशीचे. मला पुढच्या टेबलावर बसवलं, खजिनदार म्हणून. माझ्या शेजारी हार्लन बीट्झ, धान्य कंपनीचा आमच्या भागातला साहेब. उमदा, बडबड्या माणूस. बायको गेल्यापासून सगळ्यांच्या ताटातलं खातो.

"काय खजिनदारसाहेब, तो कोलाचे खाणार आहात की त्याच्यावर टिपण लिहिणार आहात?"

मी तो त्याच्याकडे सरकवला.

समोरच्या भिंतीवर ट्रेव्हिसचा मोठा फोटो लावत होते. शाळेतला, फुटबॉलच्या कपड्यांतला. मला काय झालं कुणास ठाऊक. मी सहसा कुणाला काही विचारत नाही. "हार्लन," मी म्हटलं, "हा कायदा झाला तर तुमच्या कंपनीला बराच खर्च येईल ना?"

"झाला तर येईल की. प्रत्येक लहान कोठीवर जास्तीचा माणूस, जास्तीचं कुलूप. वर ट्रक उभे."

"मग तुम्ही क्लेटनला देणगी..."

"अहो सर!" तो मनापासून हसला. मला फसवतोय असं त्याला वाटतच नव्हतं, आपण दोघं एकाच बाजूचे असं धरून तो बोलत होता. "ते विधेयक क्लेटनच्या खिशात आहे म्हणून तर आम्हाला झोप लागते. आपल्या भागातलं पोर, आपला खासदार. दुसरा कुणी त्याला हात लावत नाही, तेवढा मान तिथे एकमेकांचा ठेवतात. त्यानं ते सोडलं तर उद्या ती मिनेसोटावाली घेऊन पळेल. मग बसा बोंबलत." त्यानं तोंड पुसलं. "हुशार आहे पोरगा. तुमच्याच ग्रंथालयातला ना?"

मी मान हलवली. हो अशी.

तेवढ्यात लव्हॉन टेबलापाशी आली, हातात रिकामा ट्रे, एप्रनला पीठ. हार्लननं उठून तिला खुर्ची देऊ केली. ती बसली नाही.

"मिलो, माझं पत्र मिळालं ना रे तुला?"

"मिळालं. हो. मी... लिहिणार होतो."

"लिहितोस कशाला? मी समोर उभी आहे. सांग ना."

हार्लन माझ्याकडे बघत होता, मजेनं. मागच्या टेबलावरचे लोकही वळले असावेत, निदान मला तसं वाटलं. मी पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता. मी तरी प्यायलो.

"इथे नको," मी म्हटलं. "निवांत बोलू."

तिनं रिकामा ट्रे काखेत धरला. मग तिचा चेहरा एकदम सैल झाला. "बरं, राहू दे. तुला अवघडल्यासारखं करत नाही. काही वाईट असतं तर तू इतके दिवस गप्प बसला नसतास. एवढं कळतं मला." तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. पिठाचे ठसे माझ्या काळ्या कोटावर उठले. "त्या मिनेसोटावाल्यांना, उद्याचा सोडून, पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचंय. तेव्हा सांगून टाकीन, येत नाही म्हणून."

आमच्याकडे असंच चालतं. चर्चच्या सभेत पाद्री विचारतात, कुणाची हरकत? कुणी काही बोलत नाही, ठराव मंजूर. शेजारी हरकत घेत नाही म्हणजे कुंपण बरोबर जागी आहे. त्यात मी तर पुस्तकं वाचलेला माणूस. माझ्या गप्प बसण्याला इतरांपेक्षा जास्त वजन.

क्लेटननं भाषण छान केलं. शेवटी लव्हॉनला वर बोलावलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "या आईला मी शब्द दिलाय, आणि मी वॉशिंग्टनमध्ये असेपर्यंत हे विधेयक मरू देणार नाही." लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. हार्लनही उभा राहिला. मी खाली बसून राहू शकलो असतो. गुडघे दुखतात माझे, कुणी काही म्हटलं नसतं. मी उभा राहिलो आणि टाळ्या वाजवल्या. लव्हॉननं वरून माझ्याकडे बघितलं आणि हसली.

उरलेल्या कोलाचेंचं खोकं घेऊन क्लेटन मला गाडीपर्यंत सोडायला आला. तो अजून तसा आहे, म्हाताऱ्या माणसाला ओझं उचलू देत नाही.

"क्लेटन," मी म्हटलं, "ट्रेव्हिसच्या विधेयकावर तू समितीकडे... सुनावणी कधी मागितलीस का?"

त्यानं खोकं मागच्या सीटवर ठेवलं. दार लावलं. "नाही."

"का?"

"मागितली असती तर मिळाली असती सर."

मला ते कळायला थोडा वेळ लागला.

"तुमच्याशी खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "हार्लनचे लोक गेले की मी गेलो. मी गेलो की इथे जो येईल तो ट्रेव्हिसचं नाव तरी घेईल का? मी निदान दर वेळी मांडतो. तिथे त्या पोराचं नाव वाचलं जातं. लव्हॉनला त्यानं बरं वाटतं, तुम्ही बघितलंत आत."

"आणि ती दुरुस्ती आली तेव्हा तू ओमाहाला होतास."

तेव्हा मात्र त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. अहवालात तारीख आहे. मी सही केलीय."

"म्हणजे दोन वर्षं झाली." तो रागावला नव्हता. उलट आवाज मऊ झाला होता, हीटरपाशी बसून पुस्तकाची मुदत वाढवून मागायचा तसा. "सर, तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्ही सगळं वाचता, तुम्हाला कळलंय, आणि तुम्ही समजून घेतलंत. खरं सांगू, तुमची सही आली की मला बरं वाटायचं. म्हटलं, सरांना चालतंय म्हणजे मी काही फार वाईट करत नाहीये."

त्यानं माझ्यासाठी पुढचं दार उघडलं. मी बसलो. त्यानं माझा पट्टा लावून दिला.

गाडी चालवताना मला माझीच किळस येत होती, असं लिहिलं तर ते जास्त होईल. शरम किळसेपेक्षा शांत असते. मला सारखं वाटत होतं की रस्त्यावरच्या लोकांनी गाडीत डोकावू नये. दोन माणसांनी मला विचारलं होतं, एकीनं शब्दांत, एकानं न बोलता. दोघांना मी माझं गप्प बसणंच दिलं होतं. आणि दोघांनी त्यातून आपल्याला हवं ते घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी आल्बिना म्हणाली, "तिचं घर तीन गल्ल्यांवर आहे. टोपी घाल, जा आणि सांग."

मी गेलो. लव्हॉन मागच्या अंगणात गुडघ्यांवर बसून बटाटे लावत होती. मला बघून उठली, हात झटकले, कॉफी ठेवली. स्वयंपाकघरात फ्रिजवर तिचे आणि क्लेटनचे फोटो लावलेले होते, दर दोन वर्षांचा एक. पहिल्यात तिचे केस काळे आहेत. ट्रेव्हिसच्या नावाची पाटी त्या सगळ्यांत तिच्या हातात.

"बोल," ती म्हणाली. "काही काम होतं?"

"ट्रे," मी म्हटलं. "कोलाचेंचा ट्रे. तुझा एखादा आमच्याकडे आलाय का ते विचारायला..."

"माझे सगळे इथेच आहेत रे."

"मग ठीक आहे."

मी कॉफी संपवली. बटाट्यांबद्दल बोललो. जमीन अजून गार आहे असं ती म्हणाली, मी हो म्हटलं.

"सांगितलंस?" आल्बिना दारातच उभी होती.

"यंदा तिनं लाल बटाटे लावलेत."

"देवा!" ती खाली बसली. मग तिनं मला कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं. "मिलो, तुला कसली भीती वाटते? क्लेटन तुझं काय करणार आहे? या वयात?"

मी विचार केला. क्लेटनची नव्हतीच. "तिला कळेल की मला ठाऊक होतं," मी म्हटलं. "आणि मी टाळ्या वाजवल्या."

"हो," आल्बिना म्हणाली. "कळेल."

तिनं त्यावर मलम लावलं नाही. माझ्या टेबलावरची पुस्तकं उचलून जमिनीवर ठेवली आणि कागद पुढे ठेवला.

पहिलं पत्र तीन पानांचं झालं. त्यात संसदेच्या समित्या कशा चालतात ते होतं, बहुतेक विधेयकं का मरतात ते होतं, क्लेटनची अडचण होती, माझा स्वभाव होता. आल्बिनानं चष्मा लावून वाचलं.

"छान आहे. हे छापून आणायचंय की लव्हॉनला द्यायचंय?"

"का?"

"पहिल्या पानावर 'कदाचित', दुसऱ्यावर 'असे दिसते', तिसऱ्यावर तू किती वाईट माणूस आहेस ते. तिनं काय विचारलं होतं?"

मी सांगितलं.

"मग त्याचं उत्तर कुठेय?"

ते नव्हतं. मी पुन्हा लिहिलं. मंगळवारचा दिवस त्यात गेला. दर वेळी एखादं वाक्य क्लेटनला सांभाळून घ्यायचं, दुसरं मला. ती वाक्यं खोटी नव्हती, म्हणून काढताना जास्त त्रास झाला. खजिनदारपद सोडत असल्याचं लिंकनला कळवायचं होतं, ते मी मध्येच दोन ओळींत कळवून टाकलं. त्याला काहीच वेळ लागला नाही. मला वाटलं होतं, तेच जड जाईल.

बुधवारी सकाळी जे उरलं ते असं होतं:

"लव्हॉन, तू विचारलं होतंस की क्लेटनला ट्रेव्हिसचा कायदा व्हायला हवाय का. नाही. त्यानं सुनावणी कधी मागितली नाही, कारण मागितली असती तर मिळाली असती. हे त्यानं रविवारी मला स्वतः सांगितलं. विधेयक त्याच्याकडे राहिलं की दुसरं कुणी ते पुढे नेत नाही, आणि धान्य कंपनीला तेच हवंय. दोन वर्षांपूर्वी संसदेत कुलपाच्या अटीवर मत झालं तेव्हा तो गैरहजर होता. त्या संध्याकाळी तो कंपन्यांच्या जेवणाला होता. त्या जेवणाच्या देणग्यांवर माझी सही आहे. तुझं पत्र येण्याआधी मी देणग्यांची पानं वाचलेली होती, विधेयकांची आणि मतांची बघितली नव्हती. पत्र आल्यावर तीही बघितली, आणि गप्प बसलो. सभागृहात तू विचारलंस तेव्हा मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो ते काही वाईट नव्हतं म्हणून नाही. मिनेसोटाला हो म्हण. समितीपुढे जा. तुला काही कागद लागले तर मी काढून देईन. सोमवारी तुझ्याकडे आलो होतो तो हेच सांगायला. ट्रेचं मी बनवून सांगितलं. मिलो."

आल्बिनानं वाचलं आणि तिकिटांचा पुडा दिला.

गावातल्या गावात टाकलेलं पत्रही आमच्याकडे आधी ओमाहाला जातं, तिथे निवडलं जातं आणि मग परत येतं. बुधवारी टाकलं तर शुक्रवारी, फार तर शनिवारी. सोमवारच्या आत. "हातानं का नाही देत?" आल्बिनानं विचारलं आणि लगेच स्वतःच म्हणाली, "नको. तू पुन्हा बटाट्यांवर बोलशील."

किराणा दुकानासमोर निळी पेटी आहे. मी तिथे पोचलो तेव्हा टपालवाली बाई, मार्जी, पेटी उघडून पत्रं पिशवीत भरत होती.

"द्या इकडे सर. वाचलात, नाहीतर उद्यावर गेलं असतं."

तिनं हात पुढे केला. मी पाकीट दिलं नाही. म्हणजे लगेच दिलं नाही. त्यावर तिकीट होतं, पत्ता होता, मागे माझा पत्ता होता. मी ते तीन वेळा बघितलं होतं, तरी पुन्हा बघितलं. लव्हॉन ते स्वयंपाकघरात उघडेल, फ्रिजसमोर उभी राहून, असं मला दिसलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलेल की नाही, मला ठाऊक नाही. न बोलायचा तिला हक्क आहे.

"काय झालं सर? काही राहिलं का लिहायचं?"

"नाही," मी म्हटलं. "राहिलं काही नाही."

मार्जीनं पाकीट घेतलं, पत्ता वाचून भुवई उंचावली, तीन गल्ल्यांवरचाच होता तो. पिशवीत टाकलं. पेटीला कुलूप लावलं, गाडीत बसली आणि ओमाहाच्या रस्त्याला लागली. गाडी कोठ्यांच्या पलीकडे दिसेनाशी होईपर्यंत मी दुकानासमोर उभा होतो.